जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) सुधारून घ्यावी की नवी घ्यावी?

टेकडीखालचा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१२ साली घेतलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) एमटीबी आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे तीन मागे आठ गिअर, केबलचे डिस्क ब्रेक आणि पुढे १०० मिमीचा स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क. नोकरी आणि लेकीचं बालपण यांत ती बरीच वर्षं बाल्कनीत उभी राहिली. मागच्या दिवाळीत बाहेर काढली, ओव्हरऑइलिंग करून घेतलं आणि आता सकाळी वेताळ टेकडी, रविवारी खडकवासल्याच्या पुढे पानशेत रस्त्याच्या आजूबाजूच्या मातीच्या वाटा, असं सुरू आहे.

सायकल पळते, पण तीन गोष्टी छळतात. गोट्यांवर फोर्क जवळपास हलत नाही, मनगटं भरून येतात. ब्रेक दाबायला अख्खा पंजा लागतो. आणि चढाला पुढचा गिअर बदलला की चेन उतरते.

दुकानात दाखवली. त्यांनी दिलेला हिशोब: हवेचा फोर्क १६ हजार, चाकं आणि टायर १२ हजार, हायड्रॉलिक ब्रेक ६ हजार, पुढे एक मागे दहा असा गिअरसेट ११ हजार, मजुरी २ हजार. एकूण ४७. त्याच दुकानात २९ इंची नवी हार्डटेल ७० हजारांना उभी आहे.

२३ हजार आणखी घालून नवी घ्यावी का? फ्रेम माझ्या मापाची आहे, अंगवळणी पडली आहे, म्हणून मन होत नाही. माझं वजन ७४, उंची पाच फूट आठ. उड्या मारायच्या नाहीत, पण उतार नीट उतरायचे आहेत.

—

घसारा

नवी घ्या. ४७ हजार घालूनही शेवटी हातात २०१२ चीच भूमिती (फ्रेमचे कोन आणि लांबी) राहणार.

—

मुरूमवाट

दुकानाची यादी जरा बाजूला ठेवा आणि एक टेप घेऊन फ्रेमजवळ बसा. जुन्या सायकलला पुढे काय बसेल हे फ्रेमची मापं ठरवतात.

पहिलं माप हेड ट्यूबचं, म्हणजे फोर्कची दांडी जिथून वर येते ती नळी. त्या काळच्या बहुतेक मध्यम किमतीच्या फ्रेमना वर-खाली सारख्याच जाडीची, १ इंच आणि वर एक अष्टमांश जाडीच्या दांडीची नळी असते. आजचे चांगले हवेचे फोर्क बहुतेक टेपर्ड दांडीचे, खाली दीड इंच. नळी आतून ४४ मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड फोर्क बसवता येतो. ३४ मिमी असेल तर तो विषय तिथेच मिटला, सरळ दांडीचे जे थोडे फोर्क मिळतात त्यांतूनच निवडायचं.

दुसरं, मागच्या चाकाची जागा. तुमची १३५ मिमी आणि क्विक रिलीज (खटक्याने चाक सुटणारी) असणार, जवळजवळ खात्रीने. नव्या सायकलींत १४२, आणि त्याहून नव्यांत १४८ मिमी, १२ मिमी जाडीच्या आरपार ॲक्सलसह. म्हणजे आज १३५ च्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बांधून घेतलेलं २६ इंची चाक उद्या घेतलेल्या सायकलला लागणार नाही.

तिसरं, मागच्या बाजूला ब्रेकचा कॅलिपर बसायची जागा. तुमच्याकडे डिस्क आहेतच, त्यामुळे ॲडॅप्टरने काम भागेल. चौथं, पेडलच्या आखाची नळी. ती आट्यांची आणि ६८ किंवा ७३ मिमी रुंद असेल तर आजचे क्रँकही बसतात. इथे जुन्या फ्रेम फार वेळा सुखद धक्का देतात.

आता तुमचे ४७ हजार पुन्हा मांडा. फोर्क आणि चाकं-टायर मिळून २८ हजार. हे पैसे या फ्रेमसोबतच राहणार. ब्रेक आणि गिअर मिळून १७ हजार. हे काढून दुसऱ्या सायकलला लावता येतात. मी या दोन आकड्यांवरच निर्णय घेईन. जे सोबत येईल त्यावर हात मोकळा सोडा, जे येणार नाही त्यावर फक्त झिजलेलं बदलण्यापुरता खर्च करा.

—

घसारा

मुरूमवाट यांचा हिशोब मान्य, पण पैशांबाहेरचं एक बोलायला हवं. टेकडीखालचा, तुम्ही म्हणता उतार नीट उतरायचे आहेत. त्या काळच्या एमटीबीचा पुढचा, म्हणजे हेड ट्यूबचा, कोन ७० ते ७१ अंशांचा असतो, स्टेम (हँडल धरणारा भाग) ९०-१०० मिमीचा लांब आणि हँडल अरुंद. उतारावर तुमचं वजन पुढच्या चाकाच्या माथ्यावर येतं. सुट्या खडीवर, किंवा टेकडीवर जिथे पायऱ्यांसारखे कातळाचे टप्पे आहेत तिथे, पुढचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून पलीकडे जातो. नव्या हार्डटेलचा कोन ६५ ते ६७, चाक शरीराच्या बरंच पुढे. त्यात सीट बोटाने खाली करता येणारा ड्रॉपर पोस्ट लावला की पार्श्वभाग मागे-खाली नेता येतो. या फरकाला कुठलाही फोर्क पर्याय नाही.

उलट, जुन्या फ्रेमवर जास्त ट्रॅव्हलचा (जास्त खोल दबणारा) फोर्क लावून कोन सैल करणारे लोक आहेत. फोर्कची उंची साधारण २० मिमी वाढली की कोन एक अंशाने सैल होतो. पण हेड ट्यूबवर ताण वाढतो, पेडलचा आखही वर जातो. १०० च्या फ्रेमवर १४० चा फोर्क लावू नका.

—

टेकडीखालचा

दोघांचे आभार. आज मोजलं. हेड ट्यूब सरळ, दुकानदाराने आतलं माप ३४ सांगितलं. मागे १३५. आख आट्यांचा, ७३. स्टेम ९०.

घसारा, स्टेम आखूड आणि हँडल रुंद केलं तर काही अंशी फायदा होईल का?

—

घसारा

होईल, पण बेताने. जुन्या फ्रेम आखूड बांध्याच्या आणि लांब स्टेम गृहीत धरून केलेल्या असतात. एकदम ४० चा स्टेम लावलात तर उभं राहून चालवताना गुडघे हँडलला लागतील आणि चढाला पुढचं चाक उचललं जाईल. ६० ते ७० चा स्टेम आणि ७०० ते ७२० मिमीचं हँडल, इथपर्यंत जा. हँडल घेताना मधली जाडी बघा. जुन्या स्टेमची पकड २५.४ मिमीची असू शकते, हल्लीची हँडल बहुतेक ३१.८ ची.

—

छर्रे आणि ग्रीस

मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी निदान दोन तक्रारी महागडे नवे भाग न घेता अर्ध्याहून जास्त सुटतील असं मला वाटतं.

चिमटा (म्हणजे फोर्क) आधी. बाल्कनीत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या स्प्रिंगच्या चिमट्यातलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. बहुतेकांना खाली, चाकाच्या आखाजवळ, दोन्ही पायांत एकेक बोल्ट असतो. तो सोडवला की खालचे पाय ओढून काढता येतात. आतलं काळं ग्रीस पुसायचं, बुश साफ करायचे, सस्पेन्शनचं ग्रीस भरायचं आणि परत बसवायचं. हे करताना वरच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं, गंजाचे खड्डे लागले, तर त्या जागेने सील कापली जाणार आणि तो चिमटा फार काळ टिकणार नाही. गुळगुळीत असेल तर सर्व्हिसनंतर तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. लॉकआउटची (फोर्क घट्ट करून ठेवणारी) चावी अर्धवट अडकली आहे का तेही पाहा.

चेन. घरातली १२ इंची स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणून धरा आणि पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. चांगल्या चेनला बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर चेनने कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) खाल्ली, दोन्ही बदलावं लागेल, आणि पुढची मधली चकतीही तपासा. तिचे दात शार्कच्या पराएवढे टोकदार झाले की चढाला चेन उडतेच.

मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील हे आधी बघा, त्यावर पुढचं सगळं आहे. चाक काढा आणि चकत्या उलट्या फिरवा. मधोमध, जिथे हत्यार बसतं ती दातेरी कडी चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. ती जागची हलली नाही आणि चकत्या तिच्याभोवती फिरल्या, तर आट्यांचं फ्रीव्हील. फ्रीव्हील असेल तर दहा गिअरची कॅसेट त्या हबवर बसणारच नाही, म्हणजे मागचं चाक नवं. कॅसेट असेल तर आठ, नऊ, दहा सगळ्या शिमानो कंपनीच्या एकाच बॉडीवर (हबच्या ज्या भागावर चकत्या चढतात त्यावर) बसतात. एमटीबीच्या ११ गिअरच्याही. बारा गिअरच्या शिमानो कॅसेटला मात्र वेगळी बॉडी लागते.

आणि कुणीतरी तुम्हाला सांगेल की पुढे एकच चकती केली की चढ सोपा होतो. हिशोब करून बघा. तुमच्याकडे पुढे २२-३२-४२ आणि मागे ११-३२ असेल तर सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. पुढे एकच ३२ आणि मागे ११-४६ केलं तर ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. तेवढंच. उलट वरचा गिअर ३.८ वरून २.९ वर येतो, डांबरी उतारावर पाय नुसते फिरतील. फायदा दुसरा आहे. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) जातो, डाव्या हाताचं काम संपतं, आणि एकाआड एक जाड-बारीक दातांची चकती चेनला धरून ठेवते. तुमची मूळ तक्रार तीच आहे, त्यामुळे माझी हरकत नाही. पण हलक्या गिअरच्या आशेने करू नका.

२९ इंचीचा विचार करताना हेही धरा: चाकाचा घेर साधारण दहा टक्क्यांनी मोठा, म्हणून तोच गिअर तितका जड लागतो. पुढे ३२ असलेल्या नव्या सायकलला मागे ५१ असेल तेव्हा ती तुमच्या आजच्या सर्वांत हलक्या गिअरशी बरोबरी करते. दुकानात ४२ ची कॅसेट लावलेली २९ इंची उभी असेल तर सिंहगडाच्या रस्त्याला ती तुम्हाला रडवेल.

—

ब्रह्मगिरी

नाशिकहून. छर्रे दादांनी ब्रेकवर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. केबलच्या डिस्कला पंजा लागतो याचं कारण बहुतेक वेळा केबलच्या आवरणात शिरलेली माती आणि गंज. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही नवं घातलं तरी फरक पडतो. केबलच्या बऱ्याच कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतं, दुसरं स्थिर असतं. ते स्थिर पॅड रोटरच्या अगदी जवळ आणलेलं नसेल तर लिव्हर दाबताना आधी रोटर वाकतो, मग ब्रेक लागतो.

तरीही हायड्रॉलिक घ्या. लांब उतारावर एका बोटाने ब्रेक लागतो तेव्हा उरलेली बोटं हँडल धरायला मोकळी राहतात, आणि मनगटांचं निम्मं दुखणं तिथेच जातं. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांना डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. दुकानात समोर उभं राहून बाटली बघा.

दुसरं, टायर. या धाग्यावर टायरबद्दल कुणीच बोललं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याकडच्या मुरमावर सगळ्यात जास्त फरक टायर पाडतो. २६ साठी २.२५ चं, कडेला जाड गुठळ्या असलेलं टायर पुढे लावा आणि हवा कमी करा. ट्यूब असताना ७४ किलोला ३० ते ३५ पीएसआयच्या खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर आदळून ट्यूब रिमला चिरडते. रिम ट्यूबलेसची असेल तर पुढे २२-२४ पर्यंत सुद्धा चालतं आणि सायकल अक्षरशः जमिनीला चिकटून जाते. रिम ट्यूबलेसची नसेल तर टेप मारून जुगाड करू नका, वळणावर टायर रिम सोडतं.

आणि बाभळीचे काटे! पाऊस संपला की पायवाटांवर पसरतात. सीलंट असलेल्या टायरमध्ये काटा उपटला की पांढरा थेंब येतो, दोन फेऱ्यांत छिद्र बुजतं. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दर काही महिन्यांनी चाक कानाशी हलवून आत द्रव डुचमळतोय का ऐका.

—

टॅमवरून

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून लिहितोय. २६ इंच हे माप मुळात कुणी डोंगरासाठी शोधलेलं नाही. १९७० च्या दशकात इथे माउंट टॅमल्पायसवर पोरं जुन्या, जाड टायरच्या क्रूझर सायकली उतरवत होती, त्यांची चाकं २६ इंची होती. १९७६ ला इथे डोंगर उतरायच्या 'रिपॅक' नावाच्या शर्यती सुरू झाल्या, १९७७ ला जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, तीही त्याच चाकांवर. पुढची तीसेक वर्षं ते माप टिकलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीचं सुवर्ण चेक सायकलपटू कुल्हावीने २९ इंचीवर नेलं आणि स्वित्झर्लंडचा शुर्टर २७.५ इंचीवर दुसरा आला. त्यानंतर कंपन्यांनी २६ कडे पाठच फिरवली. तुमची सायकल नेमकी त्याच वर्षाची.

म्हणून २६ चे टायर-ट्यूब मिळत राहतील, जगात तेवढ्या सायकली आहेतच, पण उत्तम दर्जाचे फोर्क आणि रिम दरवर्षी कमी होत जाणार. भारतात कुणी येणार असेल तर ब्रेक, शिफ्टर अशा छोट्या वस्तू मागवाव्यात. फोर्क मागवू नये. बॅगेत जागा खातो आणि मापात गफलत झाली तर परत करता येत नाही.

जुन्या फ्रेममध्ये २७.५ ची चाकं घालायचा सल्लाही कुणी देईल. रिमची त्रिज्या १२.५ मिमीने वाढते. डिस्क असल्याने ब्रेकची अडचण नाही, पण मागच्या नळ्यांत टायरला जागा उरत नाही. चिखलात चाक जाम होतं.

—

मुरूमवाट

पैसे घालण्याआधी शेवटची तपासणी, आणि ही चुकवू नका. फ्रेम धुवून, कोरडी करून, उन्हात बॅटरी घेऊन बघा. हेड ट्यूबच्या खाली जिथे तिरपी नळी जोडली आहे तो वेल्ड, सीटच्या नळीचा वरचा जोड, पेडलच्या आखामागच्या दोन नळ्या, आणि मागच्या डिस्क कॅलिपरची जागा. रंगावर केसासारखी रेघ किंवा सुरकुती दिसली तर चिंधीने पुसून पुन्हा बघा. पुसून न जाणारी रेघ असेल तर त्या फ्रेमवर एक रुपयाही घालू नका. ॲल्युमिनियम थकतं आणि तुटताना आधी सांगत नाही. सीट पोस्ट हलतो ना तेही बघा, वर्षानुवर्षं न हललेला पोस्ट आत धरून बसतो. आणि मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, जुन्याचा मिळतो का ते आधी विचारा, मिळाला तर दोन घेऊन ठेवा. पंधरा ग्रॅमच्या त्या तुकड्यापायी चांगली सायकल पडून राहते.

—

टेकडीखालचा

सगळं वाचून, तपासून लिहितोय.

फ्रेमला तडा नाही. पोस्ट हलला. हँगर ऑनलाइन मिळाला, दोन मागवले. मागे कॅसेटच आहे, कडी चकत्यांबरोबर फिरली. चेन पट्टीवर एक अष्टमांशाच्याही पुढे गेली, म्हणजे कॅसेट आणि चेन तशाही बदलायच्याच होत्या. म्हणून गिअरसेट घेतोय, पुढे एकच ३२.

फोर्क ओळखीच्या मिस्त्रींकडे उघडला. आतून निघालेलं ग्रीस बुटाच्या पॉलिशसारखं कोरडं होतं. नळ्या गुळगुळीत. आता तो खरोखर हलतो. उत्तम फोर्क नाही, पण टेकडीसाठी पुरेसा आहे, त्यामुळे १६ हजार वाचले. चाकांचा आउट काढून घेतला, सैल तारा कसून घेतल्या, चाकं तीच ठेवतोय. ब्रेक हायड्रॉलिक, पुढचं टायर २.२५, स्टेम ७०, हँडल ७२०. एकूण खर्च २३ हजारांच्या आसपास जाईल. त्यातले ब्रेक आणि गिअर पुढच्या सायकलला उतरवता येतील.

नवी पुढच्या वर्षी, सावकाश. घसारा, ती घेताना काय बघू?

—

घसारा

बरोबर केलंत. नवी घेताना रंग आणि मागच्या डिरेलरचं नाव यांच्या आधी फ्रेम बघा. टेपर्ड हेड ट्यूब हवीच. मागे १४८ आणि आरपार ॲक्सल मिळाला तर उत्तम, निदान पुढे तरी आरपार हवा. आख आट्यांचा. ड्रॉपरची केबल आतून न्यायला फ्रेमला भोक. हवेचा फोर्क. हब कॅसेटचा, फ्रीव्हीलचा नको, आणि हे ५० हजारांच्या आसपासच्या सायकलींतही विचारून घ्या. इतकं असेल तर आठ-नऊ गिअर असले तरी चालतील, ते नंतर बदलता येतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुनं किमतीचं लेबल लावून ठेवलेली सायकल असेल तर विचारा. आणि मापाची मिळाली नाही तर सवलतीला भुलू नका.

—

यवतेश्वरची चढण

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. माझीही २६ इंचीच आहे, मागे आत्ता १.९५ चं टायर आहे. मागेही २.२५ बसेल का?

—

छर्रे आणि ग्रीस

ताई, टायरच्या सर्वांत रुंद भागापासून मागच्या दोन्ही नळ्यांपर्यंतचं अंतर मोजा, पेडलच्या आखाजवळच्या जोडापाशीही. १.९५ वरून २.२५ म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून साधारण साडेसात मिमी, एका बाजूला पावणेचार. टायर बसवल्यावर प्रत्येक बाजूला पाच-सहा मिमी मोकळी राहायला हवी, म्हणजे आत्ता निदान दहा मिमी दिसायला हवी. कास रस्त्याकडचा लाल चिखल फार चिवट असतो, तुम्ही पावसात जात असाल तर यापेक्षा कमी जागेत जाऊ नका. जागा कमी भरली तर मागे २.१ ठेवा आणि पुढे २.२५. चाकाचा आउट आधी काढून घ्या, नाहीतर मोजमाप फसवं येईल.